सासऱ्यांचं विमान

सासऱ्यांचे दोन्ही अंगठे रिमोटच्या कांड्यांवर होते. समोरच्या पडद्यावर त्यांचं विमान समुद्रावरून चाललं होतं, एका ठिपक्याएवढं. त्यात माणूस नव्हता; ते पाडण्यासाठीच उडवलेलं होतं. शेजारच्या खोलीत सून बसली होती. तिच्या क्षेपणास्त्राची आज तिसरी आणि शेवटची चाचणी.

आधी दोनदा ते चुकलं होतं, आणि दोन्ही वेळा चुकवलं होतं सासऱ्यांनीच. क्षेपणास्त्र जवळ आलं की विमान कुठे, कसं वळवायचं ते त्यांच्या मर्जीवर. त्याचाच तर त्यांना पगार मिळायचा. सून सासऱ्याच्या मागे लागली आणि सासऱ्याने तिच्या हातावर तुरी दिल्या, अशी थट्टा कॅन्टीनमध्ये रंगायची. सासरेही हसायचे. तुझं क्षेपणास्त्र म्हणजे माझ्या विमानाचंच नातवंड, पूर्वी क्षेपणास्त्रंही आमच्यासारखी रेडिओवर हातानेच चालवायचे, असं सुनेला चिडवायचे. या नातवंडाचं बोट धरावं लागत नाही, ते आपलं आपण चालतं, असं ती म्हणायची. दुसऱ्या चाचणीनंतर हे बोलणं बंद पडलं. घरी ती ताटातलं नुसतं चिवडत बसायची. तिने दोन शब्द सुनावले असते तर बरं, असं त्यांना वाटायचं.

आज सकाळी प्रकल्पाच्या प्रमुखांनी त्यांना बाजूला घेतलं. चाचणी फसली तर काम बंद, पोरीची इतक्या वर्षांची मेहनत पाण्यात. वारा फार होता, वळवता आलं नाही, असं सांगितलं तर कोण विचारणार आहे? आणि जमलं, तर पहिली क्षेपणास्त्रं बसवली जाणार होती सासऱ्यांच्या नौदलातल्या मुलाच्याच जहाजावर. चालून येणारी विमानं पाडायला त्या जहाजाकडे सध्या जुन्या तोफांशिवाय काही नव्हतं.

सुनेने निघताना नेहमीसारखंच उडवा म्हणून सांगितलं होतं. पण डोळे वर केले नव्हते.

"सुटलं," कोणीतरी म्हणालं.

पडद्यावर दुसरा ठिपका उमटला आणि थेट विमानाच्या रोखाने निघाला. सासऱ्यांच्या हाताला सवय होती. उजवा अंगठा आपसूक सरकायला लागला. त्यांनी तो जागीच दाबून धरला. अजून वळवता आलं असतं. अजूनही आलं असतं. अंगठा हलला नाही.

दोन्ही ठिपके एक झाले आणि विझले.

पलीकडे टाळ्यांचा कडकडाट झाला. प्रमुखांनी येऊन सासऱ्यांची पाठ थोपटली. पोर सुटली एकदाची, असं सासऱ्यांच्या मनात आलं आणि डोळे भरून आले.

सून दारात आली. लोक तिचं अभिनंदन करत होते, पण तिचं लक्ष पडद्याकडे होतं. विमान गेलं तरी त्याची वाट तिथे उमटलेली होती, पट्टीने आखल्यासारखी सरळ. ती बराच वेळ बघत राहिली.

"वारा फार होता," सासरे म्हणाले.

ती त्यांच्याजवळ आली. आवाज चढवला नाही.

"बाबा, ह्यांच्या जहाजावर जे विमान चालून येईल," ती म्हणाली, "ते तुम्ही उडवत नसाल."