सुनीतातली ओळ

नव्या नाटकाच्या पहिल्या प्रयोगाला पुढच्या रांगेत बसलेली वत्सला एकदम ताठ झाली. रंगमंचावरचा भामटा नायिकेला भुलवत होता, "तू हसलीस, की उंबरठ्यावर ऊन येऊन बसतं." हे नाटक लिहिणाऱ्या तिच्या नवऱ्याने लग्नाआधी तिच्यावर रचलेल्या सुनीतातली ही ओळ!

मध्यंतरात तिने नवऱ्याला विंगेतच गाठलं. "अहो, माझी ओळ त्या चोराच्या तोंडी?"

कमलाकर ओशाळले. "अगं, नायिका भाळायला हवी ना! दुसऱ्या ओळी लिहून पाहिल्या, पण त्यांवर कुणी भाळेल असं वाटेना. हिची मात्र खात्री होती."

"कशावरून?"

"तू भाळली होतीस की!"

वत्सलाला हसू आवरेना. "घरी गेल्यावर मला नवं सुनीत हवं," ती म्हणाली, "आणि तेही नाटकात आलं, तर मी त्या भामट्याबरोबरच पळून जाईन!"