शेवटच्या हिवाळ्याचे हदीस

“शेख मय्याबांकडे हदीस शिकायला जावं का?” तंबूत टेकता टेकताच सिदातीनं विचारलं. “तुम्ही दोघं एकाच गुरूंचे शिष्य. तुमच्याइतकं त्यांना कोण ओळखणार?”

शेख बद्दाहच्या हातातला चहाचा पेला ओठांपाशीच थांबला. पोरगा लांबून आलेला दिसत होता. उंट बाहेर बसला होता आणि पोराच्या काखेत लिहायची लाकडी पाटी होती. असा विद्यार्थी या तंबूकडे कित्येक वर्षांत फिरकला नव्हता. आणि आला, तोही मय्याबाचं नाव घेऊन!

मय्याबा! तरुणपणी दोघं एकाच पाटीवर लिहायचे. पण गुरूंची मान डोलायची ती मय्याबाचं ऐकून. आज टेकाडापलीकडे मय्याबाभोवती विद्यार्थ्यांच्या तंबूंचं गाव वसलं होतं. बद्दाहभोवती बायको होती आणि बकऱ्या होत्या. पाठ त्यालाही होतं, कणभर कमी नाही. ते घ्यायलाच कोणी नव्हतं. तो गेला की त्याची विद्या वाळूत जाणार, हे त्याला दिसत होतं. रात्रंदिवस तो त्या टेकाडाकडे बघून जळायचा.

“जावं की,” तो सावकाश म्हणाला. “फक्त बिचाऱ्याची स्मृती गेलीये आता. एकाकडून ऐकलेलं दुसऱ्याच्या नावावर खपवतो.”

हदीस म्हणजे पैगंबरांची वचनं; ती कोणाकडून ऐकली ते नाव आधी सांगायचं. म्हणून हदीस सांगणाऱ्याबद्दल याहून वाईट बोलता येत नाही. असा बोभाटा झाला की त्याच्याकडे कोणी शिकायला जात नाही. बद्दाहला ते पुरतं ठाऊक होतं. बोलून झाल्यावर त्याला आतून गार वाटलं.

“अहो, काहीतरीच काय!” चहा ओतता ओतता त्याची बायको मुनीना म्हणाली. “परवा बाजारात त्यांनी माझ्या माहेरच्या सात पिढ्या घडाघडा म्हणून दाखवल्या.”

“तू चहा बघ.”

सिदातीनं आपली पिशवी पुढे ओढली. बद्दाहनं पेला खाली ठेवला. निघाला वाटतं हाही.

पण पोरानं पिशवीतून दौत काढली. पाटी मांडीवर घेतली.

“मी तिथूनच आलोय, शेख. मला त्यांनीच धाडलंय. म्हणाले, ‘आधी त्याला माझ्याबद्दल विचार. बद्दाहच्या पोटात साठलंय ते एकदा ओकू दे, म्हणजे नीट शिकवेल. आणि तू ते मनावर घेऊ नकोस. बरोबरीच्यांनी एकमेकांबद्दल बोललेलं आपण धरत नाही.’”

बद्दाहची कानशिलं तापली. “मग इथं कशाला पाठवलं तुला? माझी फजिती बघायला?”

“नाही. गुरूंच्या शेवटच्या हिवाळ्यातले हदीस शिकायला. तेव्हा शेख मय्याबा तापानं घरी पडून होते. ते हदीस तुमच्याशिवाय कोणाकडेच नाहीत.” सिदाती जरा घुटमळला. “म्हणाले, ‘शिकून परत ये, मग मी तुझ्यासमोर बसून शिकेन. त्याच्याकडे स्वतः जायला मला तोंड नाही. त्या हिवाळ्यापायी मी जन्मभर बद्दाहवर जळत आलोय.’”

मुनीनानं नवऱ्यापुढे ताजा पेला सरकवला. त्याच्याच्यानं तो उचलवेना.

सिदातीनं बोरू शाईत बुडवला. “सांगा, शेख.”

बद्दाहनं घसा साफ केला. बिस्मिल्ला म्हटलं. गुरूंचं नाव ओठांवर आलं होतं, ते त्यानं मागं सारलं.

“आधी हे लिही,” तो म्हणाला. “मय्याबा विश्वासू आहे, त्याची स्मृती शाबूत आहे. सांगणारा बद्दाह, जो आत्ताच खोटं बोलला.”