वाटणीची आई

वाटणीप्रमाणे सहा महिने भरले, म्हणून जयवंतनं वारलेल्या आईचं मन नागपूरहून सांगलीला, बहिणीच्या यंत्रात पाठवलं. त्याची प्रत निघत नसे. पाठवताच त्याच्याकडचं पुसलं गेलं. सांगलीत ते जुळवायला त्याच्याकडचे चार आकडे तासाभरात हवे होते, नाहीतर आई कायमची विस्कटणार होती.

त्यानं फोन केला. "ताई, आधी प्लॉटवरचा दावा मागे घे. मग आकडे."

"लाज वाटत नाही? आईला ओलीस धरतोस?"

"माझ्याकडे होती तेव्हा एकदा तरी तिच्याशी बोललीस?"

"तुझं तोंड बघायचं नव्हतं मला!" कुमुदनं नेहमीसारखा फोन कापला, आवाज बंद करून उशीखाली कोंबला. झक मारत सांगेल, ती स्वतःशीच म्हणाली.

यंत्रातला दिवा विझला, तेव्हा तिनं फोन काढला. सतरा मिस्ड कॉल होते. त्याखाली पन्नास मिनिटांपूर्वीचा मेसेज होता. फक्त चार आकडे.