बिनशिशाची गोळी

संवत्सरीचं प्रतिक्रमण, म्हणजे वर्षभराच्या चुकांची कबुली, आटोपून घरी आल्यावर अरिहंतने आईपुढे गुडघे टेकून हात जोडले. "मिच्छामि दुक्कडम्. वर्षभरात काही चुकलं असेल तर माफ कर."

तीजाबाईंनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. तरी तो उठेना.

"बंदुकीच्या गोळ्या बनवायचं लायसन मिळालं, आई. शोध लष्कराचा, कारखाना आपला, इथेच नंदुरबारला. त्यात शिसं नाही. माती नासत नाही, पाणी नासत नाही. जमिनीवर पडलेला तुकडा दाणा समजून टिपला तरी पाखरू मरत नाही."

"आणि ज्याला गोळी लागेल तो?"

अरिहंतने पुन्हा हात जोडले.

तीजाबाईंनी ते हलकेच सोडवले. "माफी झालेल्या चुकीची मागतात, बेटा. ठरवून करायच्या कामाची नाही."