फरच्या झाडाखालची बारा मिनिटं

"ते तिसरं झाड," इगाराशी म्हणाला. चिहारूने स्नोमोबाइल थांबवली.

मागच्या सीटवरून मुरोई-सान हळूच उतरल्या आणि गुडघ्यापर्यंत बर्फात रुतल्या. चिहारूने त्यांना हात दिला. त्यांचा मुलगा इथे वारल्याला आज बरोबर एक वर्ष झालं होतं. कोहेई एकवीस वर्षांचा होता.

सकाळी स्कीच्या उतारांवरच्या बचाव गस्तीच्या खोलीत चौघे जण बसले होते, सगळे सारख्याच लाल जॅकेटांत. या बाई दारात उभ्या राहिल्या, तेव्हा इगाराशी म्हणाला होता, "आत या, दार लोटून घ्या, वारं फार आहे." त्या सरळ त्याच्याकडे वळल्या. "तुम्हीच ना, माझ्या मुलाला बाहेर काढलंत ते?" चौघांत आपण सगळ्यांत म्हातारे, म्हणून ओळखलं असेल, असं त्याला वाटलं.

गस्तीचा एक रिवाज होता. गाडल्या गेलेल्या माणसापाशी जो आधी पोचला, त्यानेच घरच्यांशी बोलायचं. गेल्या वर्षी इगाराशी स्वतःच इस्पितळात होता, म्हणून ते आजवर राहून गेलं होतं. एकतीस हिवाळ्यांत इगाराशीवर ही वेळ चारदा आली होती. बाकीच्या तिघांच्या वेळी खोटं बोलावं लागलं नव्हतं.

मुरोई-सान झाडापाशी गेल्या. देवदारासारख्या या फर वृक्षाच्या खालच्या फांद्या बर्फ अडवून धरतात, त्यामुळे बुंध्याभोवती पोकळी राहते. वरून ती दिसत नाही. स्नोबोर्डवरून येणारा तिथे डोक्यावर पडला, की सैल बर्फ त्याच्या अंगावर कोसळतो आणि वरचा भाग पुन्हा सपाट दिसू लागतो.

"किती खोल होता?" त्यांनी विचारलं.

"दीड मीटर. बोर्डचं टोक तेवढं बोटभर वर दिसत होतं."

"आणि तुम्ही एकटे."

"बाकीचे पलीकडच्या उतारावर होते."

"एकटे म्हणजे अगदी एकटे," चिहारू मध्येच म्हणाली. "चौघांना वीस मिनिटं लागतील एवढा बर्फ यांनी बारा मिनिटांत उपसला. मी पोचले तेव्हा यांचा उजवा खांदा निखळलेला, आणि गडी डाव्या हाताने खणतोय! अजून वरच्या फळीवरचा चहाचा डबा मला काढून द्यावा लागतो."

"तुला उंची दिली आहे ती त्यासाठीच," इगाराशी म्हणाला.

"बघा! आणि खणताना तोंड गप्प नसतं यांचं. फावड्यापेक्षा जीभ जास्त चालते."

"का बरं?" मुरोई-साननी विचारलं.

इगाराशी अवघडला. "बर्फाखालून आवाज वर येत नाही. किती जवळ असलं तरी. पण वरचं बोलणं खाली ऐकू जातं. ज्यांना जिवंत काढलं, ते सगळे असंच सांगतात. म्हणून बोलत राहायचं. आम्ही नव्या पोरांनाही हेच शिकवतो. उत्तराची वाट बघायची नाही, बोलायचं."

"काय बोलायचं?"

"काहीही. आलो, आलो. थोडंच राहिलंय. असलंच काहीतरी." तो घाईने पुढे म्हणाला, "अर्थात, कोहेईच्या बाबतीत त्याचा उपयोग नव्हता."

आता ते वाक्य बोलायला हवं होतं. त्या येणार हे कळल्यापासून, गेला आठवडाभर त्याने ते मनात घोटलं होतं.

बर्फ बाजूला केला तेव्हा त्याला जे दिसलं, ते त्याने कुणालाच सांगितलं नव्हतं. तोंडासमोरचा बर्फ श्वासाने वितळून पुन्हा गोठला होता. त्याची काच अंगठ्याएवढी जाड झाली होती. इतकी जाड व्हायला वेळ लागतो. उजव्या हातात हातमोजा नव्हता आणि हात छातीशी होता. धडपडीशिवाय मोजा निघत नाही. चिहारू पोचायच्या आत त्याने ती काच फोडून टाकली होती.

"मुरोई-सान, पडताना त्याचं डोकं बुंध्यावर आपटलं. तो लगेच बेशुद्ध झाला. पुढचं त्याला काही कळलं नाही. भीती नाही, काही नाही. झोपेत जावं तसा गेला."

त्या त्याच्याकडे बघत राहिल्या. त्याने नजर हलू दिली नाही. ही बाई उरलेलं आयुष्य या एका वाक्यावर काढणार होती. नजर खाली गेली असती तर तिला कळलं असतं.

"डॉक्टरही असंच काहीतरी म्हणाले," शेवटी त्या म्हणाल्या.

"हो. तसंच झालं."

त्यांनी पिशवीतून कोहेईच्या आवडीच्या गोड कॉफीचा कॅन काढून झाडाखाली ठेवला. मग वळून इगाराशीपुढे कमरेत वाकल्या आणि बराच वेळ तशाच राहिल्या. तो गडबडला. "अहो, नको, मी वेळेत पोचलो नाही..."

"पोचलात," त्या म्हणाल्या. "तुमच्यामुळे मला झोप लागते."

परत गस्तीच्या खोलीपाशी आल्यावर चिहारू हळूच म्हणाली, "बरं केलंत." तिला किती माहीत होतं, हे त्याने विचारलं नाही. वर्षभरात पहिल्यांदाच त्याला हलकं वाटत होतं.

परतीची बस घाट उतरू लागली. मुरोई-सान मागच्या बाकावर, खिडकीशी बसल्या होत्या. कोहेई गेला त्या दिवशी त्या कारखान्यात कामावर असताना त्यांचा फोन कपाटात होता, आणि दहा वाजून चव्वेचाळीस मिनिटांनी त्यावर एक निरोप नोंदला गेला होता. तीन मिनिटांचा. आजवर त्यांनी तो कुणालाच ऐकवला नव्हता. त्यांनी फोन कानाला लावला. वरून फावड्याचा आवाज आला, मग धापा टाकणाऱ्या एका माणसाची हाक, "आलो रे, आलो, थोडंच राहिलंय!", आणि अगदी कानाजवळ कोहेई: "आई, घाबरू नकोस, कुणीतरी आलंय. ऐक ना, थांबतच नाहीये तो."