चष्मा तयार आहे

फोन नंबर मोबाइल कंपनीकडे नोंदवलेला नाही म्हणून आमच्या चष्म्याच्या दुकानाचे मेसेज गिऱ्हाइकांना जाईनात. नोंदणीचा फॉर्म तीनदा परत आला, तरी बाबा हट्टाला पेटले होते.

"कशाला हा उपद्व्याप? सरळ फोन करा की सगळ्यांना," मी वैतागून म्हटलं.

"तुझा दादा उचलतो का माझा फोन?" बाबा काच पुसत म्हणाले. "दोन वर्षं झाली, त्याचा चष्मा इथे पडून आहे. दुकानाचा मेसेज गेला, तर निदान गिऱ्हाईक म्हणून तरी येईल."

आज नंबर मंजूर झाला. नियमाप्रमाणे आधी प्रत्येकाला विचारायचं होतं, आमचे मेसेज हवेत का? 'नाही' आलं, तर त्या नंबरवर पुन्हा कधीच काही पाठवायचं नाही. बाबांनी दादाचा नंबर यादीत सगळ्यात वर घातला आणि त्याचा चष्मा डबीतून काढून पुन्हा एकदा पुसून ठेवला.



तीनशे गिऱ्हाइकांपैकी निम्म्यांनी अजून उत्तरच दिलेलं नाही, दादाचं 'नाही' मात्र मिनिटाच्या आत आलं.