सरावाची यादी

बाही दोन इंच तोकडी होती. दुकानातल्या आरशासमोर तिने एक हात लांब करून पाहिला, मग दुसरा. दोन्ही मनगटं उघडी. कोट सोमवारच्या बैठकीसाठी होता आणि शिवला होता तिच्या बाबांनी. चाळीस वर्षांत त्यांच्या हातून कुणाची बाही तोकडी झाली नव्हती.

"डोळ्याला पटत नव्हतं," बाबा म्हणाले. "पण यादीत वीस होतं."

संगणकातली ती यादी तिनेच करून दिली होती. गिऱ्हाइकाचं नाव टाकलं की त्यापुढे छाती, कंबर, खांदा, बाही. मापांची जुनी वही तिने हट्टाने कपाटात ठेवायला लावली होती. आपल्या हातून काही बिघडेल म्हणून बाबा कळफलकाला हात लावायला धजत नव्हते. मग तिने अख्ख्या यादीची एक कॉपी काढून दिली. "हिच्यात हवा तेवढा गोंधळ घाला. मूळ यादीला धक्का लागायचा नाही. फक्त प्रोग्राम बंद करू नका." गिऱ्हाइकांच्या मापांशी खेळ नको, म्हणून बाबा त्या कॉपीत तिच्याच नावावर सराव करायचे.

"तुम्ही मूळ यादीत शिरलात, बाबा."

"नाही गं. सरावाच्याच यादीत बदलले आकडे."

"मग काय भुताने बदलले? यंत्र खोटं बोलत नाही."

दारातला इस्त्रीवाला खिदळला. "मास्तर, लेकीने नापास केलं की तुम्हाला!"

बाबाही हसले. चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. "शिरलो असेन. आता या डोक्याचा काही भरवसा नाही." मग तिला म्हणाले, "ठेव इथेच. उद्या नीट करून देतो."

"राहू द्या. मी जुनाच घालेन."

दुसऱ्या दिवशी सकाळी, दुकानाची किल्ली हातात घेता घेता, बाबा गेले.

तिसऱ्या आठवड्यात ती दुकान रिकामं करायला आली. मशीन विकलं गेलं होतं. कैच्या एका जुन्या गिऱ्हाइकाने आठवण म्हणून नेल्या होत्या. संगणक मात्र तिच्या सांगण्याप्रमाणे अजून चालूच होता. बंद करण्याआधी तिने मूळ यादी उघडली आणि आपल्या नावापुढची बाही दुरुस्त केली. वीसचे बावीस. सरावाच्या कॉपीला ती हात लावणार नव्हती. आल्या आल्या तिने पाहिलं होतं, तिथेही वीसच होतं; बाबांनी टाकलेला तो शेवटचा आकडा. तो तसाच राहायला हवा होता.

पुन्हा एकदा पाहावा म्हणून तिने ती कॉपी उघडली. तिथे बावीस होतं.

 तिने कॉपीत एकवीस टाकलं आणि मूळ यादी पाहिली. एकवीस. समजायला आणखी काही लागलं नाही. तिच्या कॉपीने नावं तेवढी नव्याने लिहून घेतली होती. मापांचे कप्पे दोन्ही याद्यांना एकच होते. कुठूनही हात घाला, आकडा दोन्हीकडे बदलायचा. ऑफिसात नवख्या प्रोग्रामरांना ती हीच चूक बोट ठेवून दाखवायची. वर ऐकवायची, "एवढं साधं कळू नये?"

कोट अजून खुंटीला होता. तिने तो अंगात घातला. मनगटं तशीच उघडी. बाहीची कड चाचपली, तर ती जाड लागली. उलटून पाहिलं. चांगलं चार बोटं कापड आत मुडपलेलं होतं. एवढं कापड कुणी मुडपत नाही. वरून कच्चा टाका, एका झटक्यात उसवेल असा.

तिने दोरा ओढला. कापड सरळ झालं आणि बाही बरोबर मनगटावर येऊन थांबली.

आरशात तिच्या मागे शिवणाचं टेबल दिसत होतं, त्यापुढे रिकामं स्टूल.

"बाबा," ती मोठ्याने म्हणाली, "तुम्ही नव्हता चुकलात. मी चुकले होते."